फ्युएल प्रेशर गेजचा काटा हलतोय? मॉडिफाय केलेल्या गाडीत तो कसा वाचायचा

गाडीत मोठा फ्युएल पंप टाकला, पेट्रोलचं प्रेशर ठरवणारा ॲडजस्टेबल रेग्युलेटर बसवला, एखाद्याने छोटा टर्बो पण लावला, आणि सोबत हौसेने फ्युएल प्रेशर गेज लावला, की पुढे बरेच दिवस माणूस रस्ता कमी आणि काटा जास्त बघतो. काटा थरथरला की पोटात गोळा येतो, मग कुणीतरी सांगतं पंप गेला, दुसरा सांगतो रेग्युलेटर गेला, आणि महिन्याभरात दोन्ही बदलून होतात तरी काटा हलतोच. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळकडे असे प्रकार बरेच बघितलेत म्हणून नवीन मुलांसाठी हे सगळं एका जागी लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. काटा थरथरणं हे बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. इंजिनाला मारतं ते वेगळंच, फुल लोडवर काटा न थरथरता गपचूप खाली उतरतो किंवा जिथे वर चढायला हवा तिथे नुसता जागेवर बसून राहतो. त्यामुळे "काटा हलतो का" हा प्रश्नच अपुरा आहे, तो कधी हलतो आणि त्या वेळी गाडीत दुसरं काय चाललेलं असतं ते बघायचं.

आधी तुमची सिस्टिम कुठली ते ओळखा

डिझेल कॉमन रेल असेल तर इथेच थांबा, रेलला (सगळ्या इंजेक्टरना इंधन वाटणारी नळी) हा गेज लावायचाच नाही. तिथे हजार बारच्या वर प्रेशर असतं, त्या प्रेशरची बारीक धार कातडीतून आत घुसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते, मस्करी नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांची हाय प्रेशर बाजू पण तशीच, हात लावू नका. आपण बोलतोय ते साध्या एमपीएफआय पेट्रोलबद्दल, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या.

कार्ब्युरेटरवाली जुनी गाडी असेल तर प्रेशर जेमतेम ३ ते ५ पीएसआय, आणि मेकॅनिकल पंप असेल तर काटा नाचणारच कारण तो पंप झटक्याझटक्याने ढकलतो. तिथे ० ते १५ चा गेज लावा, ० ते १०० च्या गेजवर काही कळणार नाही.

एमपीएफआयमध्ये दोन प्रकार. रिटर्नवाली सिस्टिम म्हणजे रेलच्या टोकाला रेग्युलेटर, त्याला इनटेक मॅनिफोल्डकडून (इंजिनात हवा नेणारा भाग) एक बारीक व्हॅक्यूमचा पाइप, आणि जास्तीचं पेट्रोल परत टाकीत नेणारी लाइन. रिटर्नलेस म्हणजे रेग्युलेटर टाकीतच पंपासोबत, पुढे एकच लाइन येते. आपल्याकडच्या अलीकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या दुसऱ्या प्रकारातल्या. बॉनेट उघडून रेलला पेट्रोलचे किती पाइप येतात ते मोजा, दोन असतील तर रिटर्नवाली.

हे ओळखणं महत्त्वाचं कारण दोन्हींचा काटा वेगळा वागतो. रिटर्नवाल्या गाडीत बेस प्रेशर, म्हणजे व्हॅक्यूम नसतानाचं, समजा ३ बार, म्हणजे ४३.५ पीएसआय. आयडलला मॅनिफोल्डमध्ये १८ ते २० इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम असतो, तो रेग्युलेटरचा पडदा ओढतो आणि प्रेशर ९-१० पीएसआयने उतरतं, म्हणून काटा ३४-३५ च्या आसपास दिसतो. ॲक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम जातो आणि काटा ४३ कडे उडी मारतो. सोडला की परत खाली. नवीन माणूस हीच उडी बघून घाबरतो, पण ही उडी म्हणजे रेग्युलेटर नीट काम करतोय याची पावती आहे. उलट रेस देऊनही काटा ढिम्म हलला नाही तर व्हॅक्यूमचा पाइप निघालाय, फाटलाय किंवा चुकीच्या जागी जोडलाय का ते बघा. रिटर्नलेसमध्ये मात्र काटा आयडलला आणि रेसला साधारण एकाच जागी दिसला पाहिजे, किती ते तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

गेज जोडताना

इंजिन थंड असू द्या. पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, गाडी स्टार्ट करा, लाइनमधलं पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडेल, मग एकदोनदा सेल मारा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह काढा. तरीही फिटिंग सोडताना थोडं पेट्रोल येतंच, खाली फडकं धरा. उघड्यावर काम करा, बंद पडवीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये नको, आणि ड्राय पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प वापरू नका, एलईडी टॉर्च घ्या.

काही रेलवर टायरच्या वॉल्वसारखा टेस्ट पोर्ट असतो, नशीब असेल तर तुमच्या गाडीला मिळेल. नसेल तर लाइनमध्ये टी अडॅप्टर टाकायचा. पाइप घेताना त्यावर एसएई जे३० आर९ छापलेलं बघून घ्या, तो इंजेक्शनच्या प्रेशरसाठी असतो. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही काळा पाइप चालणार नाही, आणि दातेरी होज क्लिपऐवजी गुळगुळीत आतल्या बाजूची इंजेक्शन क्लिप वापरा कारण दातेरी क्लिप रबर कापते. थ्रेडला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याचे धागे सुटून इंजेक्टरमध्ये अडकतात, पेट्रोलला चालणारं लिक्विड सीलंट मिळतं ते लावा, आणि फ्लेअर फिटिंगला तर काहीच लावायचं नाही.

आणि कृपा करून पेट्रोलची लाइन केबिनमध्ये आणू नका. डॅशबोर्डवर गेज हवाच असेल तर इलेक्ट्रिक घ्या, सेन्सर बॉनेटमध्ये आणि फक्त वायर आत. पेट्रोल भरलेला पाइप गुडघ्यापाशी घेऊन फिरणारे लोक आहेत म्हणून सांगतोय.

जोडून झालं की काढलेला फ्यूज किंवा रिले आणि बॅटरी परत जोडा, आणि स्टार्ट न करता चावी ऑन करा. बऱ्याच गाड्यांत पंप दोनेक सेकंद चालून थांबतो. तसं दोनतीनदा करा आणि प्रत्येक फिटिंगला कोरडं बोट लावून बघा. ओलं लागलं तर इंजिन चालू करायचं नाही.

पहिलं वाचन

एक वही किंवा मोबाइलमधली नोट घ्या आणि लिहीतच जा, लक्षात ठेवून काही होत नाही. चावी ऑन केल्यावर काटा किती चढला आणि पंप थांबल्यावर तिथेच राहिला का. आयडलला किती. रिटर्नवाली असेल तर व्हॅक्यूमचा पाइप रेग्युलेटरवरून काढून त्याचं तोंड बंद करून किती, हे तुमचं खरं बेस प्रेशर, ॲडजस्टेबल रेग्युलेटरचा स्क्रू फिरवायचा तो याच अवस्थेत, पाइप लावलेला असताना नाही. काढलेल्या त्या पाइपला पेट्रोलचा वास आला किंवा आत ओल दिसली तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय, गाडी काळा धूर मारत असेल तर कारण तेच. मग इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं काटा बघा. थोडा उतरला तर ठीक, भरकन शून्याकडे गेला तर पंपातला चेक वॉल्व, गळका इंजेक्टर किंवा रेग्युलेटर यापैकी कुणीतरी दोषी आहे, आणि सकाळी गाडी तीन-चार सेल खाते ती पण त्यामुळेच.

ज्यांनी मोठा पंप टाकलाय त्यांच्यासाठी एक खास गोष्ट. २५५ लिटर प्रति तासवाला पंप जुन्या रेग्युलेटरवर आणि बारीक रिटर्न लाइनवर चालवला तर आयडलला इंजिन पेट्रोल पितं थोडंसंच, बाकीचं सगळं परत जायला हवं पण वाट अरुंद. पोफळीच्या बागेत पंप सोडून सगळे कॉक बंद करून एकच उघडा ठेवला तर पाइप कसे टम्म फुगतात, तसंच. मग आयडलला प्रेशर सेट केलेल्यापेक्षा वर चढून बसतं आणि स्क्रू कितीही सैल करा, खाली येत नाही. यात पंपही चांगला असतो आणि रेग्युलेटरही, इलाज म्हणजे रिटर्न लाइन मोठी करणं किंवा त्या पंपाला झेपेल असा रेग्युलेटर घेणं.

थरथर, आणि वायरिंगची भानगड

आता थरथरीकडे येऊ. इंजेक्टर उघडतो-बंद होतो तसे रेलमध्ये बारीक धक्के बसतात आणि रेलवर थेट बसवलेला मेकॅनिकल गेज ते सगळे दाखवतो, वर इंजिनाचं व्हायब्रेशन वेगळं. कंपनीच्या काही रेलवर हे धक्के खाणारा डँपर असतो, मॉडिफाय करताना दुसरी रेल टाकली की तो गेला. दोन-तीन पीएसआयची एकसारखी बारीक थरथर, आणि काट्याचा मधला आकडा जागेवर, तर सोडून द्या. डोळ्यांना त्रास होत असेल तर गेजच्या आधी बारीक भोकाचा रिस्ट्रिक्टर टाका, नाहीतर गेज छोट्या पाइपवर रेलपासून लांब बॉडीवर बसवा.

ग्लिसरीन भरलेला गेज थरथर कमी दाखवतो पण त्याची एक खोड आहे. त्याची डबी सीलबंद असते, बॉनेटच्या उष्णतेने आत प्रेशर तयार होतं आणि काटा खऱ्यापेक्षा दोन-तीन पीएसआय, कधी जास्तही, कमी दाखवतो. शिवाय समुद्रसपाटीला सील केलेली तीच डबी घेऊन आंबोलीला चढलात, म्हणजे साधारण ७०० मीटर, तर बाहेरची हवा विरळ झाल्यामुळे अजून १ पीएसआयच्या आसपास कमी दिसतं. गाडी थंड करून, गेजच्या वरचं रबरी बूच किंचित उचलून हवा सोडा आणि परत बघा. सावंतवाडीहून वर जाऊन "घाटात प्रेशर पडतं" म्हणणाऱ्यांनी पंप शोधायच्या आधी हे करावं.

इलेक्ट्रिक गेजवर उड्या दिसल्या तर माझा पहिला संशय अर्थिंगवर, आणि किनाऱ्यावरच्या गाडीत तर नव्वद टक्के जीव तिथेच अडकलेला असतो. एका मित्राची टर्बो केलेली हॅचबॅक, गाडी कायम बंदराजवळच्या रस्त्यावर उभी. हेडलाइट लावले की काटा चार पीएसआय सरकायचा, रेडिएटरचा फॅन लागला की अजून पुढे. पेट्रोलच्या प्रेशरला हेडलाइटचं काय पडलंय? कुडाळचे एक जुने मिस्त्री नुसतं ऐकून म्हणाले, "आधी अर्थिंग बघ, मगे पंप बदल." मल्टिमीटरची एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावलं, लाइट-फॅन चालू ठेवून, तर ०.४ व्होल्ट. तिथे ०.१ च्या खाली हवं. इंजिनाच्या अर्थ पट्टीवरची काळी टेप सोलली तर आतली तांब्याची तार हिरवीगार, बोटाने चोळली तर भुगा, आणि बोल्टखाली ॲल्युमिनियमवर पांढरी पावडर.

आता हिशोब बघा म्हणजे कळेल. साधारण सेन्सर ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये ० ते १०० पीएसआय दाखवतो, म्हणजे ४ व्होल्टच्या फरकाला १०० पीएसआय. नुसता ०.१ व्होल्टचा फरक म्हणजे अडीच पीएसआय, ०.४ म्हणजे दहा! पेट्रोल तिथेच आहे, खोटं बोलतेय ती वायर. सेन्सरची अर्थ वायर बॉडीला कुठेही स्क्रू करू नका, गेजच्या किंवा ईसीयूच्या (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सर ग्राउंडलाच न्या, अर्थ पट्टी नवीन टाका, पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा आणि कनेक्टरमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. खाऱ्या हवेत हे वर्षातून एकदा, पावसाळा संपला की करायचंच असं ठरवून टाका. आणि बीचवर गाडी पळवायची हौस असेल तर ती सोडा, खारं पाणी खालच्या स्टीलच्या फ्युएल लाइनला आणि कनेक्टरला कसं खातं ते वर उचललेल्या गाडीखाली जाऊन एकदा बघा.

खरा धोका: लोडवर उतरणारा काटा

हे नीट वाचा. टर्बोवाल्या रिटर्न सिस्टिममध्ये बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचं प्रेशर, जेवढा वाढेल तेवढंच रेल प्रेशर वाढलं पाहिजे. बेस ४३.५, बूस्ट ८, तर काटा ५१.५ ला हवा. तो ४३.५ वरच छान स्थिर उभा असेल तर बघणाऱ्याला वाटतं किती सुंदर गेज आहे, पण इंजेक्टरच्या तोंडाशी समोरून ८ ची हवा ढकलतेय, म्हणजे प्रत्यक्ष उरले ३५.५. पेट्रोलचा प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, हिशोब केला तर जवळजवळ दहा टक्के पेट्रोल कमी. पूर्ण बूस्टमध्ये दहा टक्के लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) म्हणजे नॉकिंग, सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट, आणि पुढे पिस्टन जातो. (रिटर्नलेस गाडीवर टर्बो असेल तर काटा तिथेच राहणं ठीक, तो फरक ट्यूनमध्ये (ईसीयूतल्या पेट्रोलच्या सेटिंगमध्ये) धरलेला असला पाहिजे, ट्यूनरला तसं स्पष्ट विचारा.)

बघायचं कसं? स्वतः चालवताना काट्याकडे बघू नका. बाजूला कुणाला तरी बसवा आणि त्याला आरपीएम आणि काटा एका फ्रेममध्ये येईल असा व्हिडिओ काढायला सांगा. मोकळा सरळ चढ निवडा, तिसरा गिअर, कमी आरपीएमपासून पूर्ण दाबत वर. काटा सुरुवातीला बरोबर आणि ४-५ हजारांच्या पुढे हळूहळू उतरत गेला तर पेट्रोल पुरत नाहीये. पाच पीएसआय उतरला तरी पाय काढा, कारण सापडेपर्यंत बूस्ट नाही.

कारणं स्वस्तापासून महागाकडे तपासा. फिल्टर चोंदलाय का, टाकीतली पंपाची जाळी पण. मग व्होल्टेज, पंपाच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून लोडवर बघा, बॅटरीला १४ आणि पंपाला १२ मिळत असेल तर मोठा पंप आणून काय उपयोग, जुनी बारीक वायर त्याला तहानलेला ठेवतेय. बॅटरीवरून फ्यूज टाकून जाड वायर, रिले, आणि पंपाची स्वतंत्र चांगली अर्थ, एवढ्यावर कितीतरी गाड्या सुधारतात. त्यानंतर दबलेला किंवा मुरगळलेला पाइप. पंप सगळ्यात शेवटी.

घाट, ऊन आणि ई२०

कुंभार्ली किंवा आंबा घाटात वळणावर काटा क्षणभर कोसळतो आणि सरळ रस्त्यावर लगेच परत येतो, गाडी एखादं मिसिंग पण मारते, तर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतोय. आधी टाकी अर्धी भरून तेच वळण परत घ्या. गेलं तर उत्तर मिळालं, घाटात पाव टाकीच्या खाली जायचं नाही. अर्ध्या टाकीवरही होत असेल तर टाकीत बॅफल (पेट्रोल हिंदकळू न देणारा पडदा) किंवा वेगळा सर्ज टँक (पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी छोटी टाकी) लागेल. सीएनजीवाल्यांनो, तुमच्यासाठी तर हे रोजचं, पेट्रोल रिझर्व्हला ठेवून फिरता आणि पंप गरम होऊन मरतो, त्याला पेट्रोलच थंड ठेवतं.

एप्रिल-मेच्या उन्हात घाट चढून गाडी टपरीवर पंधरा मिनिटं बंद ठेवली आणि परत स्टार्ट केल्यावर काटा फडफडला, आयडल डगमगलं, आणि एक-दोन मिनिटांत शांत झालं, तर लाइनमध्ये गरम पेट्रोलची वाफ झाली होती. एग्झॉस्टजवळून जाणारी लाइन लांब घ्या किंवा उष्णतारोधक स्लीव्ह चढवा. टर्बोच्या पाइपजवळून फ्युएल लाइन नेणारे फिटर आहेत, त्यांना तिथेच थांबवा.

आणि ई२०. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता पंपावर बहुतेक तेच मिळतं. इथेनॉल पाणी शोषतं, जास्त झालं की पाण्यासकट वेगळं होऊन तळाला बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो. चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्या, गणपतीत चालवल्या की थेट शिमग्याला चावी लागते, अर्धी टाकी, बाहेर दमट हवा, अशा गाडीत काटा बरोबर असूनही गाडी अडखळते कारण प्रेशर आहे पण ते पेट्रोलचं नाही. तसं वाटलं तर टाकीच्या तळातून काचेच्या बाटलीत नमुना काढून तासभर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर सगळं पेट्रोल काढून टाका. जुन्या टाकीतला गाळही इथेनॉलने सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो, म्हणून जुन्या गाडीचा फिल्टर लवकर बदला आणि जुने रबरी पाइप चिरलेत का बघा.

गॅरेजला जाताना "काटा हलतो" एवढंच सांगू नका. वहीतले आकडे, तो व्हिडिओ, टाकी किती भरली होती, इंजिन गरम होतं की थंड, लाइट-फॅन चालू होते का, हे सगळं द्या. मेकॅनिकने काही बघायच्या आधीच "पंप बदलू" म्हटलं तर पंपाच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा. आणि काम झाल्यावर पहिल्या मोठ्या फेरीनंतर गाडी पूर्ण थंड होऊ द्या, सगळ्या क्लिप आणि फिटिंग पुन्हा एकदा पान्याने तपासा, कारण नवीन पाइप गरम-थंड झाला की क्लिपखाली थोडा बसतो आणि पेट्रोलचा वास यायला लागतो तो तिथूनच.